उशाखालचं लोखंड

बेबीनंदाबाई रडल्या नाहीत, ही त्यांच्याविषयी मला कळलेली पहिली गोष्ट. सांगणाऱ्या होत्या उषाबाई. दोघीही त्या दिवशी कामावर नव्याने आल्या होत्या. बेबीनंदाबाई नळावर हात धूत होत्या, तेवढ्यात उषाबाईंनी मला बाजूला घेतलं आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "सर, हिची पोरगी बाळंतपणात गेली. सहा महिने झाले. डोळ्यातून टिपूस न्हाई काढलं हिनं. दगड झाली बाई."

मी म्हणालो, "बरं." मला त्या दिवशी चाळीस ट्रे गरम पाण्याने धुऊन हवे होते. कटकट्या माणसाला दुसऱ्याचं दुःखही कामातला अडथळा वाटतं, आणि मी कटकट्या आहे. बायको हे रोज सांगते. विद्यार्थी पाठीमागे सांगायचे.

विद्यार्थी म्हणजे जुनी गोष्ट. मी मूळचा भोकरदनचा. संभाजीनगरच्या एका कॉलेजात दहा वर्षं तासिका तत्त्वावर सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. तिथला शेवटच्या बाकावरचा अंगद एके दिवशी दारात उभा राहिला आणि म्हणाला, "सर, वडीगोद्रीला जिनिंगचं जुनं गोदाम घेतलंय. बुरशी तुमची, बाकी सगळं माझं." वर्गात दोन वर्षांत त्याने एक प्रश्न विचारला नव्हता. पण आमच्या जालना जिल्ह्यात मोसंबीची गळ किती होते, झाडाखाली फळांचा कसा सडा पडतो आणि सडतो, हे त्याने लहानपणापासून पाहिलेलं होतं. महामार्गावरच्या ज्यूसवाल्यांकडे सालांचे ढीग पडतात ते वेगळेच. त्या कचऱ्यातून त्याला सायट्रिक ॲसिड काढायचं होतं. किराणा दुकानात ढोकळ्यासाठी लिंबूसत्व म्हणून पुडी मिळते, तेच हे. लोकांना वाटतं ते लिंबातून काढतात. काढते ती काळी बुरशी. कांदा सोलताना पापुद्र्याखाली काजळीसारखी दिसते ना, ती. गोड पाण्यावर नीट वाढवली तर ती साखर खाते आणि खाली आंबट पाणी करून ठेवते.

पद्धत जुनी आहे. सालं आणि गळीची फळं उकळायची, गाळायची, त्यात साखर कारखान्याची मळी घालायची. मळीत लोखंडाचा अंश असतो, तो काढायला एक पिवळं औषध टाकायचं. मग ते पाणी ट्रेमध्ये बोटभर ओतायचं आणि वर बुरशीची पूड भुरभुरायची. दोन दिवसांत दुधावर धरते तशी पांढरी साय धरते. दहा दिवस खोली उबदार ठेवायची, बाहेरची हवा लागू द्यायची नाही. दहाव्या दिवशी साय काढून खालचं पाणी घ्यायचं. एका वेळच्या सगळ्या ट्रेंना आम्ही घाणा म्हणत होतो.

जालन्याचा माणूस भांडं म्हटलं की लोखंडाकडे धावतो. अंगदने पहिल्यांदा पत्र्याचे ट्रे बनवून आणले. मी ते तसेच परत पाठवले. "लोखंडाचा कण जरी उतरला तरी बुरशी नुसती माजेल, ॲसिड देणार नाही," असं त्याला अर्धा तास समजावलं आणि प्लास्टिकचे ट्रे मागवले. हे मी अंगदला सांगितलं. बायकांना नाही सांगितलं. त्यांना कशाला, असं मला वाटलं.

बायकांना मी दुसरंच शिकवत होतो, आणि ते त्यांच्या गळी उतरत नव्हतं. हात धुवा, पाय धुवा, दार उघडं टाकू नका, आत बोलू नका, शेजारणीला दाखवायला आणू नका. जंतू म्हटलं की उषाबाई हसायच्या. "दिसत न्हाई तं धुवायचं काय?" तीन दिवस घसा फोडला. चौथ्या दिवशी वैतागून म्हणालो, "अहो, ही बाळंतिणीची खोली आहे असं समजा. दहा दिवस. बाहेरचं माणूस नाही, वारं नाही, शेगडी सारखी पेटती, आत जायचं तर पाय धुऊन."

दोघी उठल्या आणि नळावर पाय धुऊन आल्या. त्या दिवसापासून मला एकदाही ओरडावं लागलं नाही. मी अंगदला फुशारकीने सांगितलं, शिकवायचं असं असतं.

ज्या बाईची मुलगी बाळंतपणात गेली तिच्यासमोर आपण हे बोललो, हे रात्री जेवताना माझ्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी बेबीनंदाबाईंकडे पाहिलं. चेहऱ्यावर काही नव्हतं. पाय धुऊन आत गेल्या, शेगडीत कोळसे घातले, हवेत ओलावा राहावा म्हणून टांगलेली पोती ओली केली, बाहेर आल्या.

बाकीचं उषाबाईंकडून तुकड्या तुकड्याने कळलं. बेबीनंदाबाई धावड्याच्या. नवरा कधीचाच वारलेला, एकुलती एक राजनंदिनी. पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी आली होती. मुलगी झाली. सातव्या दिवशी राजनंदिनीला ताप चढला, तो उतरेना, तेव्हा जीप करून भोकरदनला न्यायला निघाले. "आन् घाईत दृष्ट लागू नये म्हून उशाखाली ठेवलेला अडकित्ता घरीच राह्यला," उषाबाई म्हणाल्या. "बिनलोखंडाची बाळंतीण घराबाहेर काढली. तिथंच घात झाला, असं ही म्हन्ते. एवढं एकच म्हन्ते, बाकी काही बोलत न्हाई." दवाखान्यात पोहोचल्यावर दोन तासांत राजनंदिनी गेली. जावई सोमेश्वर बाळाला घेऊन आपल्या गावी गेले. बेबीनंदाबाई घराला कुलूप लावून वडीगोद्रीला भावाकडे, सर्जेरावांकडे, आल्या.

मी हे सगळं ऐकलं आणि अडकित्त्याचं ऐकून मनात चरफडलो. पोरगी तापाने फणफणत होती आणि यांना लोखंडाची पडलेली, असं मला वाटलं. तेव्हा मला एवढंच वाटलं, हे कबूल करतो.

एकदा उकळत्या पाण्याचं पातेलं उतरवताना त्यांनी फडकं घेतलंच नाही. दोन्ही हातांनी कड धरली, पातेलं खाली ठेवलं आणि पुढच्या कामाला लागल्या. तळवे लाल झाले होते, फोड यायला लागले होते. मी ओरडलो, "ताई, भाजलं ना!" त्यांनी हात उलटे करून पाहिले. म्हणाल्या, "हाव. भाजलं वाटतं." मी मलम लावायला दिलं. तेव्हा आपणहून म्हणाल्या, "मला काही कळत न्हाई सर. चहा गरम हाये का थंड, ते बी न्हाई. भावाच्या घरी बसते तं भिंत अंगावर येती. इथं आलं की दहा दिवस तरी मोजायला भेटतेत. हे बंद करू नका."

हे बंद करणं न करणं माझ्या हातात नव्हतं. पहिल्या घाण्यात जेमतेम ॲसिड निघालं. दुसऱ्यात बरं निघत होतं, पण निम्म्या ट्रेंवर कुठूनशी हिरवी बुरशी चढली आणि ते फेकावे लागले. ट्रे रिकामे करताना मी एका ट्रेखाली दुमडलेलं गोणपाट पाहिलं आणि त्यावरूनच आरडाओरडा केला, की ट्रेखाली काहीही ठेवायचं नाही, पातळी बिघडते. राग हिरव्या बुरशीचा होता, निघाला गोणपाटावर. उषाबाई म्हणाल्या, "दृष्ट लागली." अंगद दारात उभा होता. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "आता तिसरा घाणा. हा साधला तर पुढे, नाहीतर महिनाअखेर शेड बंद." बेबीनंदाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांनी कुणाकडे असं सरळ पाहिलेलं मी पहिल्यांदा बघत होतो.

तिसरा घाणा लावला त्या दिवशी ट्रे मांडायचं, त्यांत पाणी ओतायचं सगळं काम त्यांनी एकटीने केलं. मी पूड भुरभुरली, दार लोटलं. पाचव्या दिवशी सकाळी चौकटीवर हळदीकुंकवाची पाच बोटं उमटलेली दिसली. अंगद हसला, मीही हसलो. पाचवी पुजली होती कुणीतरी. माझ्या एका वाक्याचा केवढा उपयोग झाला, असं वाटून मी सुखावलोसुद्धा.

आणि साय कशी धरली होती! दाराच्या फटीतून पाहिलं तर जाड, पांढरी, सुरकुत्या पडलेली, एकाही ट्रेवर हिरवा डाग नाही. बेबीनंदाबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, "बाळसं धरलं सर." मला भेटल्यापासून त्यांनी कुठल्या गोष्टीला चांगलं म्हटलं असेल तर ते हिलाच. मी म्हणालो, "धरलंय खरं." साय फार जाड असली तर संशय घ्यायचा, हे मी दहा वर्षं वर्गात सांगत आलो होतो. पण आनंदात असलेल्या माणसाला संशय सुचत नाही.

आठव्या दिवशी तपासणी केली. आंबट पाण्याचा नमुना घ्यायचा, त्यात नळीतून थेंब थेंब औषध सोडायचं. पाणी गुलाबी होईपर्यंत जितके जास्त थेंब लागतील तितकं ॲसिड जास्त. पहिल्या ट्रेचं पाणी चार थेंबांत गुलाबी झालं. मला वाटलं, नळी चुकली. दुसऱ्याचं तसंच. दहाव्या ट्रेपर्यंत तेच. पाण्यात ॲसिड जवळजवळ नव्हतंच.

मी एका ट्रेची साय उचलली. कोपऱ्यात तळाशी तपकिरी डाग होता आणि त्या डागात एक बोटभर खिळा, निम्मा खाल्लेला. दुसऱ्या ट्रेत खिळा. तिसऱ्यात खिळा. चाळीसही ट्रे पाहिले. चाळीस खिळे.

दुपारी ते कागदावर ठेवून मी पायरीवर बसलो आणि बेबीनंदाबाईंना बोलावलं. "ताई, हे तुम्ही ठेवलेत?"

"हाव," त्या म्हणाल्या. भीती नाही, लपवाछपवी नाही. "भाऊ ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतो, त्याच्या दुकानातून आणल्ते. धुऊन, उकळून ठेवले."

"कशाला?"

"तुमीच म्हन्ले व्हते ना, बाळंतिणीची खोली हाये. बाळंतिणीला लोखंड लागतं. पह्यल्या दोन खेपेला मह्या ध्यानात न्हाई आलं, म्हून दृष्ट लागली. उशाखाली ठेवलं तं ट्रे तिरपा व्हतो, तुमी वरडता. म्हून आत ठेवलं."

रागवायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. चूक शोधत शोधत मी माझ्याच वाक्यापाशी येऊन पोहोचलो होतो. ज्या बाईला स्वतःचा हात भाजलेला कळत नव्हता, तिने चाळीस ट्रेंच्या उशाला एकेक खिळा ठेवला होता. त्या क्षणी मला त्यांच्याविषयी जी माया वाटली ती मला कुठेही ठेवता येईना. मी एवढंच म्हणालो, "बरं, जा तुम्ही."

संध्याकाळी अंगद आला. बेबीनंदाबाई आणि उषाबाई तिथेच ट्रे रिकामे करत होत्या. त्याने विचारलं, "काय झालं सर?"

मी म्हणालो, "मळीतलं लोखंड काढायचं औषध मी कमी घातलं. माझं चुकलं."

"तुमच्याकडून?" तो बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला. शेवटच्या बाकावरून पाहायचा तसाच. मग म्हणाला, "असू द्या. गेल्या खेपेला हिरवी होती, या खेपेला एक तरी डाग न्हाई. म्हंजी खोली बराबर जमली. अजून एक घाणा लावा. पण आता खरंच शेवटचा."

मला हायसं वाटलं, आणि लगेच कळलं की खोटं बोलून भागत नाही. चौथा घाणा लागला की बेबीनंदाबाई पुन्हा खिळे ठेवणार. त्यांना सांगावंच लागणार होतं.

दुसऱ्या दिवशी उषाबाई आल्या नव्हत्या. बेबीनंदाबाई नळावर ट्रे घासत होत्या. मी शेजारी उकिडवा बसलो. "ताई, या वेळी खिळे ठेवायचे नाहीत."

"काहून?"

"त्या खिळ्यांनीच घाणा गेला. बुरशीला लोखंड मिळालं की ती नुसती अंगाने भरते, काम करत नाही. साय जाड दिसली ती त्यामुळेच."

त्यांचा हात चालूच होता. "म्हंजी म्याच घालवला."

"मी घालवला. लोखंड चालत नाही हे तुम्हाला सांगायचं काम माझं होतं."

"तुमी तं अंगदभाऊला औषध म्हन्ले."

"म्हणालो."

त्यांनी पुढचा ट्रे ओढला. इथे मी उठलो असतो तर बरं झालं असतं. पण माझ्यातला मास्तर थांबला नाही. मला वाटलं, हीच वेळ आहे, या बाईच्या डोक्यावरचं ओझं उतरवता येईल. खरंच तसं वाटलं, चांगल्या मनाने वाटलं. मी म्हणालो, "आणि ताई, त्या अडकित्त्याचं मनाला लावून घेऊ नका. तो घरी राहिला म्हणून राजनंदिनी गेली नाही. लोखंडाने कुणी वाचत नाही."

हात थांबला. "बिलकुल न्हाई वाचत?"

"बिलकुल नाही."

"पह्यल्यापासून उशाला असता तरी?"

"तरी तेच झालं असतं. अंगात जंतू पसरले होते, त्याचा ताप होता. तिला अडकित्ता नको होता. तिला फक्त लवकर दवाखाना हवा होता."

नळ चालू होता. ट्रे भरून पाणी वाहायला लागलं, तरी त्यांनी तो बाजूला केला नाही.

"आमी जीप माघारी आणल्ती, सर."

"कुठून?"

"निम्म्या वाटेहून. जीपवाला न्हाई म्हनत व्हता. जावई बी न्हाई म्हनत व्हते, जल्दी चला म्हनत व्हते. म्याच फिरवाय लावली. अडकित्ता घ्यायला." मग म्हणाल्या, "पाऊण तास गेला."

मी म्हणालो, "पाऊण तासाने काही फरक पडला नसता." आत्ताच मी ‘लवकर’ हा शब्द वापरला होता. तो त्यांनीही ऐकला होता आणि मीही. माझ्या आवाजावर माझाच विश्वास बसला नाही.

त्यांनी नळ बंद केला. ट्रे उपडा केला, निथळला, पुसला आणि पुढचा घेतला. चाळीसही ट्रे धुऊन होईपर्यंत त्या उठल्या नाहीत. मीही तिथेच बसून राहिलो, कारण उठून जायला मला काही कारण सापडेना. पायाला मुंग्या आल्या, मग त्याही कळेनाशा झाल्या.

चौथा घाणा साधला. साय पातळ, निरोगी, आणि तपासणीला थेंबांमागून थेंब सोडत राहिलो तरी पाणी गुलाबी व्हायचं नाव घेईना. अंगद जालन्याहून पेढे घेऊन आला. त्याने वाकून माझ्या पाया पडायला पाहिलं, मी पाय मागे घेतले. उषाबाईंनी दोन पेढे घेतले, एक नातवाला म्हणून पदरात बांधला. बेबीनंदाबाईंनी एक घेतला आणि खाल्ला. अंगद म्हणाला, "मावशी, आता शेड काही बंद पडत न्हाई." त्या म्हणाल्या, "बरं झालं." भांडी धुवायची होती, त्या धुवायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेबलाशी वही उघडून बसलो होतो. बेबीनंदाबाई आल्या, कमरेची चंची सोडली आणि पितळी मुठीचा एक जुना अडकित्ता माझ्यासमोर ठेवला.

"हा तुमच्यापाशी राहू द्या," त्या म्हणाल्या. "घरी नको. इथं टेबलावर ठेवा, ट्रेपासून लांब."

मी काही बोलायच्या आत त्या नळाकडे गेल्या. पाय धुतले, घोट्यापर्यंत, नीट. दार उघडून आत गेल्या आणि वारं लागू नये म्हणून लगेच लोटून घेतलं.

उषाबाई अजूनही म्हणतात, दगड आहे बाई. मी त्यांना काही सांगितलेलं नाही. आता सहावा घाणा चालू आहे. अडकित्ता टेबलावर आहे. त्याच्या पात्यात सुपारीचा एक वाळका तुकडा अडकलेला आहे. मी तो काढलेला नाही.